'नन स्टडी' : तारुण्यातील लेखन आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाची चाहूल तारुण्यातील भाषेत लागू शकते काय, हा प्रश्न डेव्हिड स्नोडन यांच्या 'नन स्टडी'ने उपस्थित केला. अमेरिकेत १९८६ मध्ये आरंभ झालेल्या या अभ्यासात ६७८ धर्मभगिनी सहभागी झाल्या. त्यांच्या राहणीमानातील साम्य हे अभ्यासाचे मोठे बलस्थान होय.

१९९६ च्या शोधनिबंधात ९३ भगिनींनी सरासरी वयाच्या २२ व्या वर्षी लिहिलेली आत्मवृत्ते तपासण्यात आली. दर दहा शब्दांमागे किती कल्पना येतात, हे मोजून लेखनाची 'कल्पनाघनता' ठरविण्यात आली. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झालेल्या १४ भगिनींपैकी ज्यांची कल्पनाघनता कमी होती त्या सर्वांना अल्झायमर असल्याचे आढळले. जास्त असणाऱ्यांपैकी एकीलाही नाही.

निष्कर्ष लक्षवेधी असला, तरी १४ ही संख्या अल्पच आहे. शिवाय विरळ भाषा हे आजाराचे कारण, की त्याची दशकांपूर्वीची खूण, याचा निर्णय या निरीक्षणातून होत नाही. साहित्याच्या अंगानेही एक आक्षेप संभवतो. ही आत्मवृत्ते व्रतग्रहणाच्या सुमारास, धर्मसंघासाठी लिहिलेली होती. अशा लेखनातील साधेपणा हा विनयाचा किंवा शैलीचा भागही असू शकतो. गणनेत मात्र तो उणेपणा ठरतो.

स्मृतिभ्रंशाचा विचार केवळ वार्धक्यापुरता मर्यादित ठेवता येणार नाही, ही जाणीव दृढ करणे हे या अभ्यासाचे मोलाचे कार्य होय. तथापि, साधी वाक्ये लिहिणाऱ्या तरुणीच्या माथी भावी आजाराचा शिक्का मारण्याचा अधिकार त्यातून प्राप्त होत नाही.