चिन्ह धारण करणाऱ्याचा हेतू आणि चिन्हाचा अर्थ : नाझी स्वस्तिकाच्या आपल्याकडील वापराची चिकित्सा

प्रस्तावना

राजकीय चिन्ह अंगावर वागवणारी व्यक्ती त्या चिन्हामागील विचाराला, आणि त्या विचाराने केलेल्या अन्यायाला, पाठिंबा देते असे समजावे काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी पाश्चात्त्य समाजांचा वाटतो. प्रस्तुत लेखकासमोर तो मुरबाड तालुक्यातील वैशाखरे येथे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थिनींनी शाळेच्या पायरीवर रांगोळी काढली होती आणि तिच्या मध्यभागी स्वस्तिक होते. त्याच पायरीशेजारी फावडे घेऊन उभ्या असलेल्या द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या टी-शर्टवर लाल चौकट, तीत पांढरे वर्तुळ आणि वर्तुळात तिरके काळे स्वस्तिक होते. शर्ट कल्याणला स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून घेतलेला. विचारले असता तो म्हणाला, “सर, हे हिटलरचं आहे. हिटलर म्हणजे शिस्त.” त्याच्या बोलण्यात कोणाविषयीही द्वेष नव्हता. ज्यू हा शब्द त्याने ऐकला होता की नाही, याचीही शंका वाटली.

मी त्याला सर्वांदेखत शर्ट बदलून येण्यास सांगितले आणि तो निमूटपणे बदलून आला. ही माझी चूक होती असे आज वाटते. तिचे कारण या विवेचनाच्या ओघात येईल.

दोन स्वस्तिके

आपले स्वस्तिक आणि नाझींचे स्वस्तिक यांत फरक सांगताना आपण प्राध्यापक मंडळीही एक ठरावीक उत्तर देतो : आपले उजवीकडे वळते, त्यांचे डावीकडे. हे उत्तर चुकीचे आहे. नाझी ध्वजावरील चिन्हाच्या भुजाही उजवीकडेच वळलेल्या होत्या. तेव्हा भुजांच्या दिशेत निरागसता शोधण्यात अर्थ नाही. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेले की पलीकडे जुन्नरचा प्रदेश लागतो. तेथील लेण्यांमधील काही दानलेखांच्या आरंभी किंवा अखेरीस स्वस्तिक कोरलेले आढळते. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध संघाला दान देणाऱ्याने ते मंगलसूचक म्हणून कोरविले. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी दुकानदार ते कुंकवाने काढतो. या परंपरेला जर्मनीतील घटनांचे उत्तर देण्याचे कारण नाही.

जर्मनांनी आपल्या चिन्हाला ‘हाकेनक्रॉइत्झ’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, असे नाव दिले होते. नाझी पक्षाने ते १९२० मध्ये स्वीकारले. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्ग येथे त्याला राष्ट्रध्वजाचे स्थान देणारा कायदा संमत झाला. त्याच दिवशी, त्याच अधिवेशनात, ज्यूंना पूर्ण नागरिकत्व नाकारणारा आणि ज्यू व जर्मन यांच्यातील विवाहास बंदी घालणारा, असे आणखी दोन कायदे संमत झाले. ध्वज आणि वंशभेदाचा कायदा एकाच दिवशी जन्मले. त्यामुळे चिन्ह निराळे व अत्याचार निराळा, असा युक्तिवाद या चिन्हाबाबत टिकत नाही. आपले स्वस्तिक कोणत्याही कायद्याबरोबर जन्मलेले नाही. दोहोंतील खरा फरक तो आहे.

सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीतील सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीला कपड्यावर पिवळा तारा शिवणे सक्तीचे झाले. चिन्ह ‘परिधान करणे’ या क्रियेला म्हणजे दोन बाजू आहेत : एक हौसेने वागवतो, दुसऱ्यावर ते लादले जाते. मराठी वाचकाला ही दुसरी बाजू परकी वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषणात पेशवाईतील अस्पृश्यांच्या मनगटावरील वा गळ्यातील काळ्या दोऱ्याचा उल्लेख केला आहे. सवर्णाला चुकून स्पर्श होऊ नये म्हणून ओळखीची ती खूण होती.

खारघर, २००६

ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. हिटलरचे चित्र आणि नाझी चिन्ह यांचा सजावटीत वापर होता. नाव लोकांच्या लक्षात राहावे एवढाच हेतू होता, अशी चालकांची भूमिका होती. मुंबईतील ज्यू समाजाने निषेध केला, चालक व समाजाचे प्रतिनिधी यांची भेट झाली आणि काही दिवसांतच नाव बदलले गेले. पुढल्याच वर्षी मुंबईतील एका विक्रेत्याने चादरींच्या एका संग्रहास ‘नाझी’ नाव दिले आणि ती केवळ इंग्रजी आद्याक्षरे असल्याचा खुलासा केला. २०१२ मध्ये अहमदाबादेत ‘हिटलर’ नावाचे कपड्यांचे दुकान निघाले. तेथील खुलासा असा की, भागीदाराच्या आजोबांना कडक स्वभावामुळे घरात हिटलर म्हणत. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘हिटलर दीदी’ या हिंदी मालिकेत तर हे नाव कर्तव्यकठोर मुलीचे कौतुकाचे टोपणनावच होते.

हे सर्व खुलासे प्रामाणिक असावेत असे मला वाटते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. मराठीत ‘हिटलरशाही’ हा शब्द निषेधार्थी आहे, पण तो निषेध कशाचा? कडकपणाचा, हुकूमशाहीचा, दुसऱ्याचे न ऐकण्याचा. प्राचार्यांनी रजा नाकारली तरी शिक्षकखोलीत तो उच्चारला जातो. या शब्दात मारले गेलेले साठ लाख ज्यू कोठेच नाहीत, रोमा नाहीत, अपंग म्हणून ठार केलेली मुले नाहीत. जो हिटलरला शिव्या देतो आणि जो त्याच्या शिस्तीचे गोडवे गातो, ते दोघेही एकाच रिकाम्या प्रतिमेविषयी बोलत असतात. वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या बहुवाचित ग्रंथाच्या शीर्षकातील रूपकही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भस्मासुराच्या कथेत आपल्याला आठवतो तो त्याने स्वतःच्याच डोक्यावर ठेवलेला हात. त्याआधी कोण भस्म झाले, ते आठवत नाही. हा आक्षेप ग्रंथावर नसून आपल्या वाचनावर आहे.

या रिकामेपणाला ऐतिहासिक कारणे आहेत. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, हे गणित पारतंत्र्यात स्वाभाविक होते. नेताजी सुभाषचंद्र बोस मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. १९३० च्या दशकातील मराठी नियतकालिकांत इटली आणि जर्मनी येथील संघटनशक्तीविषयी कौतुक आढळते. युद्धोत्तर काळात छळछावण्यांची माहिती आली तेव्हा आपला समाज स्वातंत्र्य आणि फाळणी यांत गुंतलेला होता. माहिती उपलब्ध झाली, परंतु मनातील प्रतिमा दुरुस्त झाली नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? चिन्ह वागवणारा प्रत्येक जण वंशवादाचा समर्थक असतो, हे विधान मला मान्य नाही. शिबिरातला तो विद्यार्थी तसा नव्हता. परंतु ‘माझा हेतू तसा नव्हता’ या वाक्याने प्रकरण संपते, हेही मान्य नाही. हेतू धारण करणाऱ्याचा असतो, चिन्हाचा अर्थ मात्र त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. तो अर्थ भोगलेल्या माणसाने समोर येऊन सांगितल्यानंतर चिन्ह उतरते की तसेच राहते, यावरून पाठिंब्याचा निर्णय करावा लागतो. खारघरच्या चालकांनी नाव बदलले, म्हणजे अज्ञानाचा त्यांचा दावा खरा ठरला. ऐकल्यावरही तेच नाव मिरवले असते तर तो दावा करण्याचा अधिकार राहिला नसता. जानेवारी २००५ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र हॅरी यांनी वेशभूषेच्या मेजवानीत नाझी दंडपट्टी बांधली, तेथे अज्ञानाचा बचाव मुळातच दुबळा होता. दुसऱ्या महायुद्धाची इतकी स्मारके असलेल्या देशात तो कोण स्वीकारील?

शेजारी

सांगणारा माणूस आपल्यापासून दूर नाही. कोकणातील बेने इस्रायली समाजाची मातृभाषा मराठी आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज आले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव त्यांना पडले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे आपल्या गावांची आहेत. ठाण्यातील त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ चे. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच समाजाचे, आणि निसिम इझिकेल हे कवीही. इस्रायलमध्ये गेल्यावर या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

युरोपातील संहार या समाजापर्यंत पोहोचला नाही, परंतु त्यातून निसटलेली माणसे मुंबईत आली. त्यांपैकी वॉल्टर कॉफमन हे संगीतकार १९३४ मध्ये आले. पहाटे रेडिओ लावल्यावर जी आकाशवाणीची परिचयधून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकली, ती त्यांची. वैशाखऱ्यातल्या घरांतही ती वाजली असणारच.

यावर एक आक्षेप संभवतो. वैशाखऱ्यात ज्यू नाही. मग त्या शर्टाने दुखावले कोण? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्याच शिबिरात मला त्याचे उत्तर मिळाले. संध्याकाळच्या बौद्धिक सत्रात मी ठरलेला विषय बाजूला ठेवून न्यूरेंबर्गच्या कायद्यांविषयी बोललो. माणूस काय करतो यावरून नव्हे, तर तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याचे माणूसपण ठरवण्याचा तो कायदा होता, असे सांगितले. मागच्या ओळीत बसलेला, कातकरी वाडीवरून येणारा एक विद्यार्थी, एरवी वर्गात क्वचित बोलणारा, म्हणाला, “म्हणजे आमच्या आज्याला जन्मानंच चोर म्हणत, तसंच ना सर?” १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मसिद्ध गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि कातकरी समाजही त्यातून सुटला नाही. हा कायदा देशपातळीवर १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का तेवढ्याने पुसला जात नाही, हे शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही वाडीवर विचारावे. त्या चिन्हामागील विचारात वैशाखऱ्याच्या माणसासाठी जागा होतीच. शर्ट घालणाऱ्यासाठीही होती, कारण तो स्वतः ठाकर होता.

सोलापूर, १९३०

आता माझ्या चुकीकडे वळतो. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या काळात गांधी टोपी घालण्यास मनाई झाली, टोपी दिसली की ती उतरवली जाई. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. सरकारच्या दृष्टीने ती टोपी हीच राजद्रोहाची कबुली होती. आज तीच टोपी मुरबाडच्या आठवडी बाजारात म्हातारे शेतकरी घालतात आणि तिच्यावरून त्यांचे मत कोणत्या पक्षाला, हे ओळखता येत नाही.

चिन्हाचा अर्थ ‘दुसरा’ ठरवतो असे म्हणताना हा दुसरा कोण, हे म्हणूनच पाहावे लागते. चिन्हाखाली भरडला गेलेला माणूस बोलतो तेव्हा त्याच्यापाशी केवळ अनुभव असतो. अधिकारी बोलतो तेव्हा त्याच्यापाशी दंड असतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर बंदी घातली, पण हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या स्वस्तिकाला स्पष्ट सूट दिली. मेलबर्नमधल्या मराठी घराच्या उंबरठ्यावरील रांगोळी सुरक्षित राहिली, ती कायदा करताना हा वापर करणाऱ्या समाजांची बाजू विचारात घेतली गेल्यामुळे. मी मात्र शिबिरात कोणाचे ऐकून घेतले नव्हते आणि काही सांगितलेही नव्हते. सोलापूरच्या अंमलदाराप्रमाणे केवळ हुकूम सोडला. सकाळी शर्ट बदलून आलेल्या त्या विद्यार्थ्याला एवढेच समजले होते की, सरांना हे आवडत नाही. असे शर्ट महाविद्यालयाबाहेर घालायचे असतात, इतकाच बोध त्याने घेतला असता तर तो त्याचा दोष ठरला नसता.

संध्याकाळच्या सत्रानंतर तो काही बोलला नाही. सात दिवसांसाठी त्याने दोनच शर्ट आणले होते आणि बंधाऱ्याच्या कामात दुसरा चिखलाने भरला होता. चौथ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तोच काळा शर्ट घालून कामावर आला. या वेळी त्याने तो उलटा घातला होता. कातकरी वाडीवरचा तो विद्यार्थी त्याच्या शेजारी घमेले उचलत होता. मी काही विचारले नाही.