मर्यादा आणि मानपान

मराठी सामाजिक लेखनात समाजाचे वर्णन बहुधा याद्यांनी होते. जाती इतक्या, पोटजाती इतक्या, वर्ग अमुक, पंथ तमुक. आधी घटक सिद्ध मानावयाचे आणि मग त्यांच्यात काय घडते ते पाहावयाचे, असा हा क्रम असतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’चा (१९१५) वाचकांनी केलेला उपयोगही याच पद्धतीचा आहे. बलुतेदारांची नावे सर्वांना पाठ असतात. पण ‘बलुते’ हे मुळात माणसाचे नाव नसून वाट्याचे नाव आहे, आणि तो वाटा काढून घेतला की सुतार हा लाकूडकाम जाणणारा एक मनुष्य उरतो, बलुतेदार राहत नाही, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. समाजशास्त्रातील ज्या दृष्टीला संबंधलक्षी म्हणता येईल, तिचे मुख्य प्रतिपादन या एका शब्दात सामावलेले आहे. घटकांना त्यांचे रूप परस्परसंबंधांतून येते. ते रूप घेऊनच ते संबंधात उतरतात असे नव्हे.

ही दृष्टी पश्चिमेत जुनीच. मार्क्सने १८४५ मध्ये मानवी सत्त्वाला सामाजिक संबंधांचा समुच्चय ठरविले. पुढे झिमेल आणि नॉर्बर्ट एलियास यांनी आपापल्या रीतीने तोच धागा पकडला. १९९७ मध्ये मुस्तफा एमिरबायर यांनी संबंधलक्षी समाजशास्त्राचा रीतसर जाहीरनामाच लिहिला. परंतु जाहीरनाम्याने शास्त्र सिद्ध होत नाही. या दृष्टीची खरी परीक्षा व्हावयाची ती एखाद्या विशिष्ट स्थळी, विशिष्ट माणसांच्या भांडणात. आणि अशी परीक्षा भारतात जिथे उत्तम रीतीने झाली, ते स्थळ चेन्नईत आहे. तिरुवल्लिक्केणी, म्हणजे इंग्रजी अमदानीपासून ट्रिप्लिकेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील पार्थसारथीचे मंदिर, हा अर्जुन अप्पादुराई यांच्या १९८१ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा विषय आहे. पूजा आणि वसाहतकालीन सत्तेखालील कलह यांचा त्यात विचार केला आहे.

ग्रंथाचा आरंभच मार्मिक आहे. देऊळ ही कोणाची मालमत्ता आणि तिथे कोणते गट आहेत, असे प्रश्न अप्पादुराई प्रथम विचारीत नाहीत. देव हा तेथील सार्वभौम राजा आहे, या भक्तांच्या श्रद्धेलाच ते अभ्यासाचे सूत्र करतात. राजाला दान पोचते; राजा प्रसन्न होऊन त्याचा वाटा परत देतो. तीर्थ, प्रसाद, मस्तकी बांधावयाचे परिवट्टम, डोक्यावर टेकविली जाणारी शठारी, उतरलेली माळ, हे त्या वाट्याचे प्रकार. यांपैकी कोणते कोणाला आणि कोणाच्या आधी मिळावयाचे, यावर पिढ्यानुपिढ्या वाद चाललेले आहेत. सामान्य विवेचक म्हणेल की प्रतिष्ठित मनुष्याला पहिले तीर्थ मिळते. अप्पादुराईंचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. तीर्थ ज्या क्रमाने मिळते त्यातून प्रतिष्ठा घडते. मान हा प्रतिष्ठेचा दाखला नव्हे, तिचे उपादान आहे. गावच्या जत्रेत पालखीच्या मानासाठी कोर्टाची पायरी चढलेली घराणी ज्याने पाहिली आहेत, त्या मराठी वाचकाला हे पटावयास वेळ लागू नये.

या मानाला तमिळमध्ये जो शब्द आहे तो मराठी वाचकाने थांबून पाहण्याजोगा आहे. ‘मरियादै’ हा संस्कृत ‘मर्यादा’ शब्दच होय. तमिळमध्ये त्याचा अर्थ आदर, मान. मराठीत सीमा, आणि मोठ्यांपुढे राखावयाचा आब. एकाच शब्दाची ही दोन टोके दोन भाषांनी वाटून घेतली आहेत. मान देणे म्हणजे त्याच क्षणी एक रेघ ओढणे. रेघेच्या पलीकडे कोणीतरी उभा असल्यावाचून मानाला अर्थ नाही. ग्रंथात हा निष्कर्ष इतक्या उघडपणे काढलेला नाही. तथापि त्यातील सामग्री तिकडेच बोट दाखविते.

ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग न्यायालयांविषयीचा आहे. इंग्रजपूर्व राजे देवळातील तंटे त्या त्या प्रसंगापुरते मिटवीत. त्यांचा हुकूम म्हणजे सर्वत्र लागू व्हावयाचा कायदा नव्हे. कंपनी सरकारने १८१७ च्या विनियमाने देवस्थानांवर देखरेख पत्करली. १८६३ च्या कायद्याने सरकारने अंग काढून घेतले आणि वाद न्यायालयांच्या दारी गेले. न्यायालयाला प्रसंग चालत नाही, त्याला व्याख्या लागते. मंदिराची व्यवस्था तेंगळै वैष्णवांकडे, एवढे म्हणून भागेना. तेंगळै म्हणजे कोण? तिरुवल्लिक्केणीचे रहिवासी म्हणजे कोण? विश्वस्तांच्या निवडणुकीत मत कोणाला? प्रत्येक उत्तरातून एक नवा गट जन्माला आला आणि आपले स्वतंत्र हक्क मागू लागला. तंटा शांत करण्यासाठी केलेल्या व्याख्यांनीच तंट्याचे पक्ष निर्माण केले. १९२५ मध्ये मद्रास प्रांताने धर्मादाय संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला, तोवर ही प्रक्रिया पुरती मुरलेली होती. गट हे इतिहासाचे कर्ते नसून पुष्कळदा त्याचे फलित असतात, हा सिद्धान्त इतक्या बारकाईने दाखविणारे भारतीय उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. मॅटिसन माइन्स यांनी १९९४ मध्ये त्याच शहराच्या जॉर्ज टाउनमधील बेरी चेट्टींवर लिहिताना ‘व्यक्ती’ हीदेखील अशा संबंधांत घडते असे दाखविले. ते या विचाराचे स्वाभाविक पुढचे पाऊल होय.

तमिळ प्रदेशानेच या दृष्टीला तिचा दुसरा मोठा आधार दिला, तो नात्यांच्या अभ्यासात. लुई द्युमाँ यांनी मदुरेकडील प्रमलै कळ्ळरांमध्ये राहून काम केले आणि १९५३ व १९५७ मधील लेखनात असे मांडले की दक्षिणेत सोयरीक ही रक्ताच्या नात्याइतकीच वारसाने येणारी गोष्ट आहे. मामा, आत्या, सासरा आणि सासू ही तेथे चार वेगळी नाती नसून दोनच शब्दांत बसतात. इरावती कर्वे यांनीही १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात घातला, आणि त्याची साक्ष मराठी घरांतच होती. जुन्या पिढीतील सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणे आणि सासऱ्याला ‘मामंजी’. मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रात अनेक जातींना मान्य, तेव्हा सासू ही आत्या होण्याचा उलगडा होतो. परंतु ‘मामंजी’चा उलगडा त्याने होत नाही. त्यासाठी आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणणारी तमिळ व्यवस्था डोळ्यांपुढे आणावी लागते. शब्द टिकला आणि त्याला जन्म देणारी रचना विसरली गेली, असे भाषेत नेहमी होते. कर्वे यांनी पुढे ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतातील माणसांचा विचार केला तो याच शिस्तीने, त्यांचे गुणदोष सांगण्याआधी त्यांची नाती तपासली. त्या ग्रंथाची भाषा वाखाणताना मराठी टीकेने या शिस्तीकडे पुरेसे पाहिले आहे असे म्हणवत नाही.

द्युमाँ यांचे १९६६ मधील जातिव्यवस्थेचे विवेचन मात्र या दृष्टीचा धोकाही दाखविते. जात ही स्वयंभू वस्तू नव्हे, उच्चनीचतेच्या संबंधात तिचे अस्तित्व, इथवर ते बरोबर आहेत. पण शुद्धाशुद्धतेचे एकच तत्त्व सर्व संबंधांच्या मुळाशी बसविल्याने संबंधालाच त्यांनी अचल वस्तू केले. त्यात भांडण उरले नाही, नकार उरला नाही. अप्पादुराई या दोषापासून मुक्त आहेत, कारण त्यांच्या मंदिरात भांडणाखेरीज पान हलत नाही. तथापि त्यांचा प्रकाश वाटेकऱ्यांवर आहे. ज्यांना वाटाच नव्हता त्यांच्यावर तो फारसा पडत नाही. देवाशी दानाचा आणि मानाचा व्यवहार करण्याची ज्यांना मुभाच नव्हती, त्यांचाही त्या देवळाशी एक संबंध होता. तो व्यवहाराच्या नोंदीत सापडत नाही, एवढेच.

येथे एका भारतीय पूर्वसूरीची आठवण अपरिहार्य आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात भीमराव आंबेडकरांनी जातीला एकवचन नाही, जाती या नेहमी अनेकवचनीच असतात, असे प्रतिपादन केले होते. आणि त्याचे कारण संबंधलक्षीच होते. एका समूहाने बेटीव्यवहाराचे दार आतून लावून घेतले की इतरांना ते बाहेरून बंद आढळते, आणि बाहेर राहिलेलेही मग एक जात होतात. बंद दार हाही संबंध आहे, किंबहुना सर्वांत टिकाऊ संबंध तोच, हे द्युमाँच्या पन्नास वर्षे आधी सांगितले गेले होते. परंतु आंबेडकरांचे लेखन चळवळीचे म्हणून एका कपाटात आणि नातेव्यवस्थेचे ग्रंथ शास्त्राचे म्हणून दुसऱ्या कपाटात, अशी सोय विद्यापीठांनी दीर्घकाळ चालविली.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखा आहे. २ मार्च १९३० रोजी तो दाराशी सुरू झाला. पण त्याच वर्षीच्या रामनवमीला संघर्ष पेटला तो रथ ओढण्यावरून. गाभाऱ्यातील दर्शन ही भक्ताची आणि देवाची गोष्ट म्हणता येईल. रथाचा दोर मात्र अनेक हातांत एका वेळी असतो, आणि कोणाच्या हाताशेजारी कोणाचा हात, हे साऱ्या गावाला दिसते. मद्रास प्रांतात १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याने दारे उघडली ती सर्वसामान्य हिंदूंइतक्या दर्शनापूजेसाठी; तीर्थ कोणाला आधी, परिवट्टम कोणाच्या मस्तकी, हा क्रम त्या कायद्याचा विषय नव्हता.