पडद्यावरील चित्रग्रहण आणि टिपणाचे प्रामाण्य

१

टिपण घेणे ही संशोधनातील दुय्यम क्रिया होय, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः प्रबंधातील प्रत्येक विधान शेवटी कोणत्या ना कोणत्या टिपणावर उभे असते, आणि टिपण डळमळीत असेल तर विधानही डळमळीत होते. १८९८ साली लांग्लवा आणि सेन्योबो या फ्रेंच अभ्यासकांनी ऐतिहासिक अध्ययनाच्या पद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक नोंद सुट्या कागदावर घ्यावी आणि ती कोठून घेतली याचा नेमका निर्देश त्याच कागदावर असावा, असा आग्रह त्यांनी धरला. योगायोगाने त्याच वर्षी वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. मूळ कागद अभ्यासकापुढे ठेवल्यावाचून इतिहासाला प्रामाण्य येत नाही, ही त्यामागील भूमिका होती. दोन्ही प्रयत्नांतील सूत्र एकच आहे : पुरावा आणि त्याचा उगम यांची फारकत होऊ देता कामा नये.

आज सुट्या कागदांची जागा वननोट, एव्हरनोट, झोटेरो यांसारख्या संगणकीय साधनांनी घेतली आहे, आणि हाताने उतरून घेण्याची जागा बव्हंशी पडद्याचे चित्र घेण्याने, म्हणजे स्क्रीनशॉटने, घेतली आहे. हे चित्र नीट उमटले नाही म्हणजे काय करावे, याविषयी साहाय्यपर लेखन विपुल उपलब्ध आहे. या लेखनाची, आणि ज्या साधनांविषयी ते लिहिले जाते त्या साधनांची, संशोधकाच्या गरजेच्या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नाची झळ विशेष लागते, याचे कारण सांगणे प्रथम अवश्य आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. परंतु मराठी मुद्रणव्यवसायाने त्यानंतरही दीर्घकाळ निराळ्या संकेतांचे डीटीपी फाँट वापरले. अशा फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकाची पीडीएफ पडद्यावर शुद्ध देवनागरी दिसते. पण त्यातील परिच्छेद निवडून टिपणवहीत चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक गुंता हाती येतो. जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रतींत तर निवडता येईल असा मजकूरच नसतो. इंग्रजी ग्रंथाच्या वाचकाला पडद्याचे चित्र ही सोय असते. मराठीच्या वाचकाला पुष्कळदा तो एकमेव मार्ग असतो. म्हणून ते चित्र कसे घेतले जाते, कोठे अडते आणि त्यात काय हरवते, हा प्रश्न त्याच्या बाबतीत केवळ यंत्रज्ञाचा राहत नाही.

३

साहाय्यपर लेखनाचा सर्वसाधारण दोष असा की, ते लक्षणांवरून उपाय सांगते. कारणांची व्यवस्था लावीत नाही. ‘चित्र येत नाही’ या एकाच तक्रारीखाली संगणक पुन्हा सुरू करा, आज्ञावली काढून पुन्हा बसवा, नवी आवृत्ती घ्या, असे उपाय एकापाठोपाठ एक दिलेले असतात. त्यांतील एखादा लागू पडला तरी तो का लागू पडला हे वाचकाला कळत नाही आणि पुढील वेळी तो पुन्हा तितकाच निरुपाय होतो.

वस्तुतः चित्रग्रहणाचे चार टप्पे स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिला आज्ञेचा : दाबलेली कळ योग्य त्या आज्ञावलीपर्यंत पोहोचली पाहिजे. दुसरा ग्रहणाचा : पडद्यावरील बिंदूंची नक्कल झाली पाहिजे. तिसरा वहनाचा : ती नक्कल क्लिपबोर्डवर किंवा फायलीत गेली पाहिजे. चौथा स्थापनेचा : ती टिपणवहीच्या इष्ट पानावर बसून तेथे टिकली पाहिजे. हे चार टप्पे ध्यानात घेतले की परीक्षेचा क्रम आपोआप ठरतो. टिपणवहीच्या कळांनी चित्र येत नसेल तर प्रिंट स्क्रीनची कळ दाबून पेंटसारख्या साध्या चित्रप्रणालीत पेस्ट करून पाहावे. तेथे चित्र उमटले तर ग्रहण आणि वहन निर्दोष आहेत आणि दोष पहिल्या किंवा चौथ्या टप्प्यात आहे. तेथे काळा चौकोन उमटला तर दोष दुसऱ्या टप्प्यात आहे. तेथे काहीच उमटले नाही तर क्लिपबोर्ड तपासावा किंवा ती कळच दुसऱ्या कोणी घेतली आहे काय हे पाहावे. कारण फायली दूरस्थ साठवणाऱ्या काही आज्ञावल्या प्रिंट स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतात. मॅक संगणकावर कमांड, शिफ्ट व ४ या कळांनी घेतलेले चित्र फाईल होऊन डेस्कटॉपवर जाते. क्लिपबोर्डवर हवे असल्यास त्यांच्या जोडीला कंट्रोल दाबावी लागते. ‘चित्र नाहीसे झाले’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ एवढ्याच भेदात असते. एका संगणकावर दिसणारे चित्र दुसऱ्यावर दिसत नसेल, तर दोष चौथ्या टप्प्यातील समक्रमणाचा आहे. तेथे कळांची चर्चा व्यर्थ होय.

४

या टप्प्यांपैकी पहिल्याचा इतिहास उद्बोधक आहे. मायक्रोसॉफ्टचे वननोट २००३ साली आले. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत विंडोज आणि एस या दोन कळा एकत्र दाबल्या की पडद्याचा इष्ट भाग निवडून घेता येई. २०१३ मधील विंडोज ८.१ ने ही जोडी शोधाच्या सोयीसाठी स्वतःकडे घेतली. तेव्हा वननोटने तीत शिफ्टची भर घालून नवा संकेत स्वीकारला. २०१७ च्या वसंतात आलेल्या विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटने हाही संकेत घेतला. त्या दिवसापासून त्याच तीन कळांनी चित्र घेतले जाऊ लागले, पण ते वननोटकडे न जाता क्लिपबोर्डवर जाऊ लागले.

साहाय्यपर लेखनात या बदलाची संभावना एका वाक्यात केली जाते : चित्र घेतल्यावर ते हाताने पेस्ट करावे. यांत्रिक दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. विंडोजची बाजूही न्याय्य आहे. जी सोय एका आज्ञावलीपुरती होती ती प्रत्येक वापरकर्त्याला मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या फेरबदलात संशोधकाचे जे नुकसान झाले त्याचा उल्लेख क्वचित् आढळतो. वननोट स्वतः चित्र घेते तेव्हा ते कोणत्या पानावर ठेवावयाचे हे विचारते, आणि चित्राखाली ते घेतल्याचा दिनांक व वेळ यांची ओळ आपण होऊन लिहिते. क्लिपबोर्डवरून पेस्ट केलेल्या चित्राखाली ही ओळ नसते. म्हणजे बिघाड ‘दुरुस्त’ झाला, चित्र वहीत आले, पण त्याचा जन्मदाखला मात्र गळून पडला. जी ओळ सुट्या कागदावर लिहावी म्हणून जुन्या पद्धतिकारांनी आग्रह धरला, तिचा एक अंश यंत्र विनासायास लिहीत होते. कळांच्या मालकीच्या वादात तो गेला आणि त्याची दखल कोणी घेतली नाही. वननोटच्या मेनूतील ‘इन्सर्ट’खाली असलेली चित्रग्रहणाची मूळ आज्ञा वापरली तर ही ओळ मिळते. कळांपेक्षा तो मार्ग लांबचा आहे. संशोधकाने तरीही तोच पत्करणे श्रेयस्कर.

५

दुसऱ्या टप्प्यातील दोषांपैकी सर्वांत त्रासदायक म्हणजे काळा चौकोन. येथे बिघाड आणि हेतू यांत विवेक करणे अगत्याचे आहे. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, कोणत्याही आज्ञावलीला आपली चौकट चित्रग्रहणापासून झाकून ठेवता येते; अँड्रॉइडमध्येही तशी सोय आहे. संरक्षित ग्रंथ वा चित्रफीत दाखवणारी प्रणाली ही सोय वापरते तेव्हा काळा चौकोन हा दोष नसून अपेक्षित फल असते. २०१९ मधील मॅकच्या कॅटलिना आवृत्तीपासून पडदा टिपू पाहणाऱ्या आज्ञावलीला स्वतंत्र परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर चित्रात डेस्कटॉपची पार्श्वभूमी येते आणि इतर आज्ञावल्यांच्या चौकटी येत नाहीत. लिनक्सवर जुन्या एक्स व्यवस्थेत कोणतीही आज्ञावली संपूर्ण पडदा वाचू शके. वेलँड या नव्या व्यवस्थेने ती मुभा काढली आणि मध्यस्थामार्फत परवानगी मागण्याची पद्धत घातली. त्यामुळे जुनी चित्रग्राहक साधने तेथे एकाएकी आंधळी झाली.

या सर्व निर्बंधांमागील तत्त्व योग्यच आहे. जी आज्ञावली न विचारता पडदा वाचू शकते ती गुप्त पत्रव्यवहारही वाचू शकते. टीका करावयाची ती निर्बंधावर नव्हे, त्याच्या मौनावर. काळा चौकोन हा नकार आहे की अपघात, हे पुष्कळदा कोणीच सांगत नाही. आणि कारण न सांगणारा नकार वापरकर्त्याला निष्फळ उपायांच्या मागे धावायला लावतो. परवानगीचा प्रश्न असेल तेथे ती देऊन मोकळे व्हावे; ग्रंथच संरक्षित असेल तेथे मात्र हाताने उतारा लिहून घेण्याचा जुना मार्ग पत्करावा.

निवडलेला भाग एक आणि उमटलेला दुसराच, हा दोष त्या मानाने किरकोळ आहे. भिन्न प्रमाणाचे दोन पडदे जोडलेले असता, म्हणजे एकावर मजकूर १०० टक्के आणि दुसऱ्यावर १५० टक्के आकारात दाखवला असता, जुन्या धाटणीच्या आज्ञावलीचे मोजमाप चुकते. दोन्हींचे प्रमाण सारखे करून पाहिले की निदान होते.

६

चित्र निर्दोष उमटले तरी कार्य संपत नाही. कारण चित्रातील अक्षरे संगणकाच्या लेखी अक्षरे नसतात. ती ओळखून घेण्यासाठी अक्षरओळखीचे तंत्र लागते. टेसरॅक्ट हे या प्रकारचे मुक्त साधन मराठीसाठीही उपलब्ध आहे. त्याला किमान ३०० बिंदू प्रति इंच इतक्या घनतेचे चित्र द्यावे, अशी त्याच्या कर्त्यांची शिफारस आहे. पडद्याची नाममात्र घनता मात्र ९६ बिंदू धरली जाते. अर्थात् १०० टक्के आकारात घेतलेले चित्र अपेक्षेच्या जेमतेम एक-तृतीयांश असते. तोच मजकूर ३०० टक्के मोठा करून चित्र घेतले तर ही संख्या २८८ वर जाते. केवळ एवढ्या कृतीने फरक पडतो. अर्थात् मूळ छायाप्रतच पुसट असेल तर मोठेपणाने तिच्यात नवे काही येणार नाही.

देवनागरीत याचे महत्त्व अधिक आहे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांतील भेद एखाद्या लहानशा रेषेवर किंवा वळणावर अवलंबून असतो. अनुस्वार तर एका बिंदूचा असतो. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या मुद्रित मजकुरात ‘त्यानें’, ‘करूं’ यांसारख्या रूपांवरील अनुस्वार हा भाषेच्या अभ्यासकाचा पुरावा असतो. कमी घनतेच्या चित्रात तो बिंदू शिरोरेषेत विरला, तर वहीत राहिलेला उतारा नंतरच्या लेखनपद्धतीतला आहे असा भास होतो. येथे कोणताही इशारा मिळत नाही आणि चित्र तर यथास्थित दिसत असते. असा दोष काळ्या चौकोनाहून अधिक घातक होय, कारण काळा चौकोन निदान लपत नाही.

७

या विवेचनावरून साहाय्यपर लेखनाची मुख्य त्रुटी ध्यानात येते. चित्र उमटणे म्हणजे यश आणि न उमटणे म्हणजे बिघाड, अशी दुहेरी वाटणी ते गृहीत धरते. संशोधनात तिसरी अवस्थाही संभवते : चित्र उमटले, पण त्याचा उगम, दिनांक, आवृत्ती किंवा बारकावा हरवला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक पाठभेदासमोर पोथीचा संकेत दिलेला आहे. तो संकेत काढून टाकला तर पाठभेद शिल्लक राहतील, पण ते तपासण्याचा मार्ग बंद होईल. उगमाची नोंद नसलेले चित्र याच दशेत असते. ते वाचता येते, त्यावरून लिहिता येते. मात्र शंका आली असता मूळ पानापर्यंत परत जाता येत नाही.

तेव्हा टिपणसाधनांच्या कर्त्यांकडून अपेक्षा करावयाची ती अधिक चपळ कळांची नव्हे; चित्राबरोबर त्याचा स्रोत बांधून ठेवण्याची. झोटेरोसारखी साधने संकेतस्थळाच्या पानाची प्रत त्याच्या पत्त्यासह आणि दिनांकासह जतन करतात. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. जोवर ती सर्वत्र होत नाही, तोवर चित्र चिकटवताच त्याखाली ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ, पत्ता आणि दिनांक यांची एक ओळ लिहिणे हे अभ्यासकाचेच कर्तव्य राहते. नंतर लिहू म्हणून ठेवलेली ही ओळ सहसा लिहिली जात नाही. आणि प्रबंध तपासणीला गेल्यावर तिची उणीव भासते, तेव्हा ते चित्र कोठले हे सांगणारे कोणी उरलेले नसते. संशोधनपद्धतीच्या पाठ्यक्रमात संदर्भसूची कशी करावी याला जागा आहे. पडद्याचे चित्र कसे घ्यावे, तपासावे आणि नोंदवावे, यालाही तीत जागा मिळणे आवश्यक आहे.