बालवाङ्मयातील स्त्रीचरित्र : नाते आणि वाणी

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शालेय सहलीत बीबी का मकबरा सहसा चुकत नाही. मुलांना तेथे ताजमहालाशी असलेले साम्य सांगितले जाते, औरंगजेबाचे आणि पुत्र आझमशहाचे नाव सांगितले जाते. प्रवेशद्वारावरील लेखात तर वास्तुविशारद अताउल्ला व अभियंता हंसपतराय यांचीही नावे आहेत. जिच्यासाठी ही वास्तू उभी राहिली ती दिलरास बानू बेगम (मृत्यू १६५७) मात्र लोकव्यवहारात केवळ ‘बीबी’ उरते. राबिया-उद-दौरानी ही तिची मरणोत्तर पदवी. पत्नी आणि माता या दोन नात्यांपलीकडे तिच्याविषयी मुलाच्या हाती काही लागत नाही. मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या मराठी स्त्रीचरित्रांची स्थिती, काही अपवाद वगळता, याहून फारशी निराळी नाही.

अशी चरित्रे थोडी आहेत, ही तक्रार आता करता येणार नाही. प्रश्न संख्येचा नसून कथनरूपाचा आहे. पुरुषाचे चरित्र कृतींच्या क्रमाने पुढे सरकते; स्त्रीचे चरित्र कन्या, पत्नी, माता अशा नात्यांच्या क्रमाने. जिजाबाई ‘घडविणारी’ म्हणून येते, अहिल्याबाई ‘पुण्यश्लोक’ म्हणून. वेरूळला घृष्णेश्वराचे देऊळ पाहणाऱ्या मुलाला अहिल्याबाईंनी केलेला जीर्णोद्धार कळतो. परंतु १७६५ साली मल्हाररावांनी पत्रांतून तोफखान्याची आणि रसदेची जबाबदारी याच सुनेवर टाकली होती, आणि १७६७ ते १७९५ असा प्रदीर्घ काळ तिने राज्यकारभार चालविला, हे त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. धर्मशीलता खोटी नाही. पण तिच्या आड राज्यकर्ती झाकली जाते.

पुरोगामी भूमिकेतून लिहिलेली चरित्रेही या साच्यातून सुटलेली नाहीत. सावित्रीबाई फुले यांच्या बहुतेक बालचरित्रांचा केंद्रबिंदू एकच : शाळेत जाताना अंगावर पडणारे शेण आणि चिखल. प्रसंग प्रभावी आहे, यात शंका नाही. तथापि, त्यात सावित्रीबाई सोसणारी आहे, आणि विचार मांडणारे बहुधा जोतीराव असतात. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ ची तीन पत्रे उपलब्ध आहेत. १८६८ च्या पत्रात ब्राह्मण तरुण व महार मुलगी यांच्या जिवावर उठलेल्या जमावाला आपण कसे अडविले, ते त्या सांगतात. १८७७ च्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळाचे आणि तेथील मदतकार्याचे वर्तमान आहे. येथे पतीशी असलेले नाते पुसलेले नाही, कारण पत्र त्यालाच लिहिलेले आहे. परंतु निवेदन तिचे आहे, क्रियापदांची कर्तीही तीच आहे. नाते आणि कर्तृत्व यांचा मेळ या पत्रांत जसा साधला आहे, तसा तो चरित्रकारांना अभावानेच साधला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मूळ संहिता मुलांना पेलणार नाहीत. त्यांना गोष्टच हवी. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वीची भाषा अडते, आणि शिक्षकाला ती सोडवून द्यावी लागते. पण मुक्ता साळवे यांचे उदाहरण या आक्षेपाची मर्यादा दाखविते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची असल्याचे मानले जाते. वेदांवर ज्यांचा अधिकारच नाकारला गेला त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती विचारते; डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते. मुलीने लिहिलेले मुलांना कळणार नाही, असे आपण कोणत्या आधारावर ठरवितो?

पदव्युत्तर वर्गात दरवर्षी माझ्या अनुभवास येते, की मुक्ता साळवे हे नाव विद्यार्थ्यांना परिचित असते, ‘पहिली दलित लेखिका’ हे विशेषणही पाठ असते. निबंध मात्र बहुतेकांनी वाचलेला नसतो. वास्तविक तो एका तासिकेत वाचून होतो. गावातून, तांड्यावरून आलेली एखादी विद्यार्थिनी तो प्रथम वाचते तेव्हा तिला जे सापडते, ते तिला आठवी-नववीतच सापडू शकले असते. म्हणून हा निबंध थोर स्त्रियांच्या परिचयात दोन ओळींनी न उरकता, शालेय मराठीच्या पुस्तकात गद्याचा पाठ म्हणून, लेखिकेच्या नावासह, तिच्याच शब्दांत यावयास हवा.