एका चुकलेल्या मथळ्याचें साधनमूल्य

शिकागो येथील 'ट्रिब्यून' दैनिकाचा ३ नोव्हेंबर १९४८ चा अंक संग्राहकांस सुपरिचित आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकींत ड्यूई यांनीं ट्रूमन यांस पराभूत केलें, असा त्याचा ठळक मथळा. वस्तुतः विजय ट्रूमन यांचा झाला. निर्वाचकांचीं ३०३ मतें त्यांस, १८९ ड्यूई यांस व ३९ थर्मंड यांस पडलीं. दुसरे दिवशीं सेंट लुई स्थानकावर ट्रूमन यांनीं तोच अंक उंच धरिला व तें छायाचित्र जगभर गेलें. तेव्हांपासून वृत्तपत्री पक्षपाताचें अस्सल उदाहरण म्हणून हा अंक पुढें करण्याची चाल पडली आहे. आमच्या मतें हें अनुमान टिकत नाहीं.

प्रथम अंकाची घडण पाहावी. १९४७ च्या नोव्हेंबरापासून छापखान्यांतील जुळाऱ्यांचा संप चालू होता. मजकूर टंकयंत्रावर लिहावा, त्याचें छायाचित्र घ्यावें, त्यावरून ठसे कोरावे, असा खटाटोप असल्यामुळें पहिली आवृत्ति नेहमीपेक्षां कित्येक तास आधीं छापावयास द्यावी लागली. मतमोजणी अपुरी, आधार काय तो वॉशिंग्टनचे बातमीदार आर्थर सिअर्स हेनिंग यांच्या भाकिताचा. गॅलपच्या चाचणीनेंही ड्यूई यांस ४९.५ व ट्रूमन यांस ४४.५ टक्के मतें दिलीं होतीं. 'न्यूजवीक'नें विचारलेल्या पन्नास राजकीय लेखकांपैकीं एकानेंही ट्रूमन यांचें नांव घेतलें नाहीं. जेथें द्वेष नाहीं तेथेंही हीच चूक आढळते. तेव्हां द्वेष सिद्ध करण्यास चुकीचा हेतु देणें हा नैयायिकांच्या भाषेंत सव्यभिचार होय. शिवाय पत्राचे धनी कर्नल मॅकॉर्मिक यांचा कल टॅफ्ट यांच्याकडे होता. ड्यूई हे त्यांच्या मनाचे उमेदवार नव्हतेच.

याचा अर्थ 'ट्रिब्यून' निःपक्षपाती होतें असा मुळींच नव्हे. १९३६ सालीं देश वाचविण्यास आतां इतकेच दिवस उरले, असें त्या कचेरींतील दूरध्वनीवर उत्तर मिळे! त्या वर्षीं रूझवेल्ट यांस ५२३ व लँडन यांस अवघीं ८ मतें पडलीं. पक्षपात शोधावयाचा तो अशा नित्याच्या वर्तनांत. कोणतें भाषण पहिल्या पृष्ठावर आलें, कोणतें आंत ढकललें गेलें, कोणाचें वाक्य अर्ध्यावर तोडलें, हें महिनोन् महिन्यांची सलग फाईल चाळल्यावांचून कळत नाहीं. १९४८ सालीं सुमारें ६५ टक्के दैनिकांनीं ड्यूई यांस व १५ टक्क्यांनीं ट्रूमन यांस पाठिंबा दिला, हा आकडाही अग्रलेखांपुरताच बोलका आहे; बातम्यांच्या स्तंभांचा झाडा त्यानें होत नाहीं. बखरींतील एकच चमत्कारिक कलम उतरून घेऊन बखरकाराचा पक्ष ठरविणारास आपण काय म्हणतों?

परंतु संग्राहकांची रुचि नेमकी उलट. चुकलेला अंक चौकटींत बसवावा आणि त्याच्या मागचे-पुढचे साधे अंक रद्दींत घालावे, असें होतें. त्या साध्या अंकांतच साक्ष असते, व ती गेली कीं परत मिळत नाहीं.

आणखी एक सूचना. त्याच रात्रीं मागाहून निघालेल्या आवृत्त्यांत 'ट्रिब्यून'नें मथळा बदलला. म्हणजे एकाच तारखेच्या अंकांत पाठभेद आहे. ज्यांच्यापाशीं हा अंक असेल त्यांनीं नोंदींत नुसती तारीख न घालतां आवृत्तीचें चिन्हही उतरून ठेवावें, आणि त्याच दिवसाची उत्तर आवृत्ति कोठें मिळाल्यास ती शेजारीं लावावी.