सोबर दाखवा

बाईचे खरे वय जन्मदाखल्यावर नसते, साडीच्या दुकानातल्या सेल्समनच्या तोंडी असते. गेल्या वीस वर्षांत त्याने मला ‘बोला ताई’पासून ‘या मावशी’पर्यंत आणून सोडले, ते मी मुकाट्याने सोसले. पण परवा लक्ष्मी रोडवर त्याने माझ्याकडे एकवार पाहिले आणि माळ्यावरच्या पोऱ्याला हाक दिली, “अरे, मावशींसाठी सोबर टाक!”

‘सोबर’ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांची चाळिशी अजून यायची आहे. राखेचा, पावसाळी ढगाचा आणि चहात विरघळलेल्या बिस्किटाचा, असे तीन रंग सोबर असतात. तिन्ही माझ्यापुढे पसरले गेले.

“मला ऑफिसात नेसायला हवी आहे हो.”

“मग हीच घ्या मावशी. मळली तरी कळत नाही.”

मळलेले कळू नये अशी माझी अट नव्हती. मी आले आहे हे कळावे, एवढीच होती.

त्याचे असे झाले. मुलांच्या दहावी-बारावीपायी दोनदा सोडून दिलेली प्रमोशनची परीक्षा मी 48 व्या वर्षी दिली आणि चक्क पास झाले. आता मुलाखत. समोर तीन साहेब बसणार आणि मी खुर्चीत टेकेपर्यंत त्यांना वाटले पाहिजे की, ही बाई शाखा सांभाळेल. तोंड उघडायच्या आधी बोलतात ते कपडेच.

कॉमर्सची पदवीधर असल्यामुळे प्रथम कपाटाचा ताळेबंद मांडला. एकूण साड्या 43. पैकी रेशमी आणि भरजरी 12. या मुदत ठेवी, लग्नसराईशिवाय मोडता येत नाहीत. लग्नामुंजीत ओटीत आलेल्या 17. या चलनी नोटा, घरोघर फिरतात, नेसत कोणीच नाही. आईच्या आणि सासूबाईंच्या, आठवण म्हणून ठेवलेल्या 5. उरल्या 9, आणि त्यांतल्या सातांचे ब्लाउज होत नव्हते.

इथे साडीच्या बाजूने दोन शब्द बोलले पाहिजेत. साडी मोठ्या मनाची असते. आपण किती वाढलो याची त्या साडेपाच मीटर कापडाला फिर्याद नसते. दोन निऱ्या कमी घातल्या की भागते. ब्लाउज मात्र ऑडिटरच्या जातीचा. शिंप्याने आत सोडलेली माया एकदा उसवावी, दोनदा उसवावी. पुढे माया संपते आणि उरते ते सत्य.

बाहेर पडणाऱ्या बाईने नेसावे काय, हा खटला तसा जुना आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1864 च्या सुमारास त्यांच्याबरोबर मुंबईला आल्या, तेव्हा बंगाली घरातली साडी चारचौघांत जाण्याजोगी नव्हती. त्यांनी मुंबईच्या पारशी बायकांचे नेसणे नीट पाहिले, त्यात आपली भर घातली आणि परकर-ब्लाउजावरची साडी कलकत्त्याला नेली. आपल्याकडे आज्या-पणज्या नऊवारी सोडून ‘गोल’ नेसू लागल्या, तेव्हाही कित्येक घरांत वादळे झालीच. बाई उंबऱ्याबाहेर पडली की आधी कपड्याची सुनावणी होते, कामाची नंतर.

साडीचे दोष सुरू होतात ते वाहनापाशी. मी स्कूटरने जाते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षण सांगितले आहे. त्यातूनच आपले ‘साडी गार्ड’. म्हणजे सरकारने पदराचा विचार केला, पण पदरवाली मागे बसली असेल असे धरून! गाडी तीच चालवत असेल, सिग्नलला दोन्ही पाय टेकवून उभी असेल आणि दहाच्या आत तिला मस्टरवर सही करायची असेल, तर निऱ्यांचे काय करावे याला पोटकलम नाही.

मग मी तयार कुर्त्यांकडे वळले. या वाङ्मयप्रकारावर माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला बाह्यांचा. कुर्ता बिनबाह्यांचा असतो आणि बाह्या आतल्या बाजूला टाचणीने टोचलेल्या असतात. कादंबरीकाराने शेवटचे प्रकरण सुटे द्यावे आणि वाचकाला म्हणावे, हवे तर शिवून घ्या!

दुसरा कापडाचा. पॉलिएस्टर घाम टिपत नाही. चाळिशी उलटल्यावर बाईच्या अंगात मधूनच भट्टी पेटते, आणि तीही नेमकी दुपारी बारा वाजता, पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली असताना. एसीची थंड हवा साहेबांच्या केबिनपाशीच संपते. त्या घटकेला असे वाटते की, ज्याने हे कापड निवडले त्याला तेच नेसवून काउंटरवर बसवावे.

तिसरा आणि मुख्य आक्षेप खिशाचा. दिवसभर दुसऱ्यांचे लाखो रुपये मोजणाऱ्या बाईला स्वतःचे दहा रुपये ठेवायला खिसा नाही! माझी आजी पदराच्या गाठीला सुपारी बांधत असे. मी ओढणीच्या गाठीला ड्रॉवरची किल्ली बांधते. दोन पिढ्यांत झालेली प्रगती ती हीच.

दुकानात एका बाजूला ‘कॉलेज’ असते, दुसऱ्या बाजूला ‘मदर’. नवऱ्या मुलीच्या आईसाठी माल आहे, नवऱ्या मुलाच्या आईसाठी तर त्याहून भारी माल आहे. जी आई साडेनऊला घराबाहेर पडून पगार आणते, तिच्यासाठी मधे एक अरुंद बोळ आहे आणि तिथे बिल करतात.

हे सगळे जमले तरी ‘वयाला शोभते का?’ हा पेपर उरतोच. आमचे 57 वर्षांचे साहेब गुलाबी शर्टात आले, तर “साहेब आज फ्रेश!” मी गुलाबी नेसले, तर “काय, आज कोणाचं लग्न?” गंमत अशी की, नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रात छापून येतात आणि निवृत्तीला दोन महिने उरलेल्या आमच्या बाई पोपटी नेसून काउंटरवर बसतात. कोणाचे काही बिघडत नाही. संध्याकाळी कॅशही जुळते. म्हणजे रंगाला वय नसते. परवानगी तेवढी नऊ दिवसांची असते.

शेवटी मी आठवणीच्या पाच साड्यांपाशी गेले. त्यांत सासूबाईंची एक इरकल होती. गर्द हिरवी, लाल काठांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. सासूबाई शिक्षिका, ती नेसून त्या वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरही शांतता पसरत असे, असे आमचे हेच सांगतात. हे त्याच वर्गात होते.

“आईची साडी कापणार?” ह्यांचा चेहरा पडला.

“त्या असत्या तर कात्री त्यांनीच आणून दिली असती.”

हे गप्प बसले. मग उठून त्यांनीच साडीची घडी पिशवीत ठेवली.

शिंप्याला सांगितले, “गुडघ्याखाली लांबी, पाऊण बाही आणि बाजूला दोन खिसे.”

“लेडीजला खिसा?” तो थबकला. “शेप जातो, ताई.”

“तो केव्हाच गेला. तुम्ही खिसे लावा. आणि माया भरपूर सोडा.”

मुलाखतीत साहेबांनी थकीत कर्जांवर खोदून खोदून विचारले. एक हात खिशात, खिशात रुमाल, रुमालावर घट्ट मूठ. उत्तरे भराभर येत गेली. हाताचे काय करावे ही काळजी मिटली की डोके किती मोकळे होते! पुरुष मुलाखतीत इतके निर्धास्त का दिसतात, हे कोडे मला त्या दिवशी सुटले.

निकाल लागायचा आहे. पण त्याआधीच शाखेतल्या चौघीजणी शिंप्याचा पत्ता घेऊन गेल्या आहेत.

काल पुन्हा त्याच दुकानात गेले होते. सेल्समनने ओळखले. “या मावशी, काय दाखवू?”

“आमच्या ह्यांना शर्टपीस हवा आहे,” मी म्हटले. “सोबर दाखवा. मळला तरी कळता कामा नये.”