रेणूचा अंदाज आणि टाकीतलं मिश्रण

नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षबागेत औषध मारायला ब्लोअर फिरायला लागतो, टोमॅटोला पाठीवरचा पंप. टाकीत एक बुरशीचं, एक किडीचं, वर एखादं टॉनिक असं दोन-तीन प्रकारचं एकत्र जातं. आजचा विषय संगणकाचा आहे, पण ही टाकी नजरेसमोर राहू द्या. आमची तक्रार तिथूनच सुरू होते.

प्रोग्रॅम करतो काय? रेणूची आकृती दिली की तो सांगतो, शरीरात याचे कोणते तुकडे पडतील, ऑक्सिजन कुठे चिकटेल, आणि आधी तपासलेल्या रसायनांशी तुलना करता हे किती विषारी असावं. ओईसीडी आणि युरोपची रसायन संस्था यांचा 'टूलबॉक्स' तर फुकट मिळतो. उंदीर वाचतात, वेळ वाचतो. हजार रेणूंपैकी प्रयोगशाळेत आधी कोणते घ्यायचे, हे ठरवायला याच्याइतकं सोयीचं साधन नाही. यात वाद नाही.

वाद आहे तो 'कमी विषारी' असं छापून आलेल्या कागदाशी.

मॅलॅथिऑन घेऊ. हे स्वतः फारसं जहाल नाही. यकृतात त्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसतो, मॅलॅऑक्सॉन तयार होतं, आणि ते मज्जातंतूंचं काम चालवणारं एन्झाइम अडवतं. मग माणूस वाचतो कसा? आपल्या शरीरात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचं दुसरं एन्झाइम आहे. ते मॅलॅथिऑनला आधीच तोडून टाकतं. किडीकडे ते अपुरं असतं, म्हणून कीड मरते. म्हणजे ही दोन वाटांची शर्यत आहे. प्रोग्रॅम दोन्ही वाटा दाखवतो, कधी कधी तर वीस-पंचवीस वाटा दाखवतो, ज्यातल्या बऱ्याच शरीरात घडतच नाहीत. पण कोणती वाट किती वेगाने धावते, हे त्या आकृतीत नसतं. आणि विष ठरतं ते वेगावर.

१९७६ साली पाकिस्तानात मलेरियाच्या मोहिमेत हेच मॅलॅथिऑन फवारलं गेलं. फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी २,८०० जणांना विषबाधा झाली, पाच जण गेले. दोष होता साठवणीत तयार झालेल्या आयसोमॅलॅथिऑनचा. ते आपल्याला वाचवणारं एन्झाइमच बंद पाडतं. संगणकाला शुद्ध मॅलॅथिऑनची आकृती दिली असती तर उत्तर बरोबरच आलं असतं, आणि माणसं तरीही आजारी पडली असती. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडून असलेला डबा आपल्याकडे कुणी पाहिला नाही?

आता आपल्या टाकीकडे या. प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के ही जोडी बाजारात तयार मिळते. किडीवर ती जोरात चालते, याचं एक कारण म्हणजे पहिलं औषध दुसऱ्याला तोडणारी एन्झाइम्स अडवतं. हीच एन्झाइम्स आपल्यातही आहेत. दोघांचे अंदाज वेगवेगळे काढून शेजारी मांडले तर हा धागा दिसतच नाही. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, तोही त्या एका बाटलीपुरता. टाकीला त्रिकोण नसतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. त्यानंतर तरी हा प्रश्न शुद्ध रेणूंचा राहिलेला नाही. शिवाय असे बहुतेक अंदाज उंदराच्या तोंडावाटे दिलेल्या मात्रेचे असतात. पंपवाला औषध पीत नाही, ते त्याच्या पाठीवरून गळतं.

ओईसीडीने २००४ मध्ये अशा अंदाजांसाठी पाच तत्त्वं मान्य केली. त्यात एक आहे : हा अंदाज कोणत्या प्रकारच्या रेणूंना लागू आहे, त्याची हद्द सांगा. आम्ही जे प्रकल्प-अहवाल वाचतो त्यांत रंगीत चित्रं भरपूर असतात, ही हद्द मात्र क्वचितच दिसते. सांगायला एक ओळ पुरते, पण ती लिहिली की निष्कर्ष लहान होतो ना!

मग हे साधन वापरायचं कुठे? आमच्या मते प्रयोगशाळेच्या यादीवर. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे आपल्या भाषेत सीसीसी. ते तपासणीच्या यादीतच नव्हतं, आणि नेहमीच्या एकत्र तपासणीत ते सापडतही नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. संगणकाने ते सांगितलं असतं, असं आम्ही म्हणत नाही. ती चूक माणसांची होती. पण यादीबाहेरचं दिसत नाही, हे मात्र तिथे पक्कं कळलं. फिप्रोनिलचं बघा. पिकात आणि शरीरात त्याचं सल्फोन होतं, ते जास्त टिकतं, म्हणून युरोपात अवशेष मोजताना दोन्हींची बेरीज धरतात. असे तुकडे कोणते पडू शकतात, हे प्रोग्रॅम आधी सुचवू शकतो. मग ते द्राक्षात, पानात, फवारणाऱ्याच्या लघवीत शोधायचे. सापडले तर यादीत घालायचे, नाही सापडले तर तो अंदाज खोडायचा.

जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या बागेत अशी तपासणी करायची तर पहिली नोंद रेणूची नको, त्या दिवशी टाकीत काय काय ओतलं त्याची हवी. हे काम कुणी करायचं, यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.